‘ॲसिडिटी’ म्हणजे काय रे भाऊ?

सकाळी जळजळ, दुपारी गोळी, रात्री पुन्हा खाऊ गल्ली! ‘जरा ॲसिडिटी झालीय’ हे वाक्य बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घराघरांत रोज ऐकू येतं. पण या एका शब्दाआड काय काय दडलेलं असतं, हे घाटकोपरच्या एका नर्सिंग स्टुडंटने चक्क नाश्त्याच्या टेबलावर ओळखलं...

रविवारची सकाळ. घाटकोपर पूर्वेचा वन बीएचके फ्लॅट. टेबलावर मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं जाडजूड पुस्तक, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली पानं आणि शेजारी कांदेपोह्यांची डिश. पुस्तकाची मालकीण जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी तिची इंटर्नल होती आणि टॉपिक होता जठराची सूज आणि अल्सर. नाव छापायचं नाही, ही तिची अट. म्हणून आपण तिला ‘सिस्टर’ म्हणू या. तशी ती अजून सिस्टर झालेली नाही, पण युनिफॉर्म घालून वॉर्डात शिरली की पेशंट तिला तशीच हाक मारतात.

तेवढ्यात दादा आला. वय 27, अंधेरीच्या एमआयडीसीत नाइट शिफ्ट. मेट्रोने घरी येतो, नऊ वाजता झोपतो, संध्याकाळी उठतो. बूट काढता काढताच त्याने विचारलं, ‘‘आई, इनो कुठंय गं? सॉलिड ॲसिडिटी झालीय.’’

सिस्टरने पुस्तकातून मान वर केली. ‘‘दुखतं कधी? जेवल्यावर की पोट रिकामं असताना?’’

‘‘रिकामं असताना. काही खाल्लं की बरं वाटतं. सुट्टी असली की झोपेतून उठवतं.’’

‘‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’’

‘‘कंबरेसाठी पेनकिलर. रोज एक, कधी दोन. केमिस्ट देतो ना.’’

‘‘आणि... शीचा रंग कसाय?’’

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. ‘‘अगं, माणसं खातायत इथे!’’ दादा हसला. मग हसायचा थांबला. ‘‘काळी होतेय गं. दोन दिवस झाले. डांबरासारखी. मला वाटलं, बाहेरच्या खाण्यामुळे असेल.’’

सिस्टरने पुस्तक मिटलं आणि त्याचं मनगट धरलं. नुसत्या बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला 112! उभा राहिला तर डोळ्यांपुढे अंधारी. पोहे तसेच टाकून तिघंही रिक्षाने हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोहोचले. इनो कपाटातच राहिलं.

एक शब्द, हजार दुखणी

आपल्याकडे ‘ॲसिडिटी’ हे आजाराचं नाव नाहीच. ती एक मोठी पिशवी आहे. छातीच्या मध्यभागी जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं म्हणजे रिफ्लक्स. जठराच्या अस्तराला आलेली सूज म्हणजे गॅस्ट्रायटिस. त्या अस्तराला पडलेला खड्डा म्हणजे अल्सर. आणि एन्डोस्कोपी अगदी स्वच्छ येते, पण जेवलं की पोट फुगतं, दुखतं, असाही एक मोठा वर्ग आहे. पित्ताशयातले खडेसुद्धा याच पिशवीत ढकलले जातात. सगळ्यांत वाईट म्हणजे कधी कधी हार्ट ॲटॅकही! छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, दरदरून घाम, जबड्यात नाहीतर हातात कळ असं काही असेल, तर थंड दूध पीत बसू नका. सरळ 108 फिरवा.

‘‘आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हेच,’’ सिस्टर सांगते, ‘‘पेशंट ॲसिडिटी म्हणाला तर आपण चार्टवर ॲसिडिटी लिहायचं नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, कशाने थांबतं, ते लिहायचं.’’

पुस्तकी फंडा असा की जठरातला अल्सर जेवल्यावर लवकर दुखतो. लहान आतड्याच्या सुरुवातीचा, म्हणजे ड्युओडेनमचा अल्सर जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखतो आणि चार घास पोटात गेले की शांत होतो. दादाचं लक्षण दुसऱ्या गटातलं. पण खरा पेशंट पुस्तक वाचून आजारी पडत नाही. पेनकिलरने झालेला अल्सर तर अनेकदा अजिबात दुखत नाही, थेट रक्तच वाहायला लागतं. त्यामुळे दुखण्याच्या वेळेवरून अंदाज बांधता येतो, निदान होत नाही. नक्की काय ते दुर्बीण आत गेल्यावरच कळतं.

खरचटलं की खड्डा पडला?

आपलं जठर ही अजब चीज आहे. आत हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही मांस विरघळवण्याइतकं कडक. मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? कारण आतल्या भिंतीवर बुळबुळीत म्युकसचा थर असतो आणि त्या थराखाली ॲसिड मारणारं बायकार्बोनेट झिरपत असतं. वरच्या थराच्या पेशी तर दर काही दिवसांनी नव्या येतात. ही सगळी देखभाल चालू ठेवण्याचा हुकूम सोडणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा थर कमजोर झाला की ॲसिड अस्तराला भिडतं. अस्तर लाल होतं, सुजतं. हा झाला गॅस्ट्रायटिस. वरवरचं सोललं गेलं तर त्याला इरोजन म्हणतात, म्हणजे गुडघा खरचटल्यासारखं. पण जखम अस्तराच्या पार खाली उतरली, तर तो अल्सर. खाली रक्तवाहिन्या असतात. जखम एखाद्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचली की काय होतं, ते दादाने दोन दिवस पाहिलंच होतं. आणि जखम भिंतीच्या आरपार गेली तर? अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ, पोट लाकडी फळीसारखं कडक, माणूस हलायलाही तयार नाही. ही सर्जरीची इमर्जन्सी. अशा वेळी पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही.

तिखटाची उगीच बदनामी

मग हे होतं कशाने? कुणालाही विचारा. ‘मिसळ’, ‘वडापाव’, ‘बॉसचं टेन्शन’! डॉक्टर मंडळीही बरीच वर्षं साधारण हेच म्हणत होती. अळणी खा, दूध प्या, चिंता सोडा. गंमत म्हणजे दुधाने घटकाभर बरं वाटतं खरं, पण त्यातलं प्रोटीन आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आणखी ॲसिड तयार करायला लावतं.

खाण्याचा आणि अल्सरचा संबंध शोधणारा एक माणूस आपल्या लोकलशी नातं सांगणारा आहे. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे रेल्वेचे डॉक्टर. मुंबईत पश्चिम रेल्वेत त्यांनी काम केलं. रेल्वे म्हणजे अभ्यासासाठी सोन्याची खाण! देशभर पसरलेले कर्मचारी, कामं सारखी, पगार सारखे, दवाखानेही रेल्वेचेच. फरक फक्त ताटात. त्यांना दिसलं की भात खाणाऱ्या दक्षिणेकडच्या भागात ड्युओडेनमचे अल्सर बरेच जास्त आणि गव्हाच्या रोट्या खाणाऱ्या पंजाबात कमी. 1964 मध्ये त्यांचा हा अभ्यास ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. (नावाचा अर्थच आतडं. शास्त्रज्ञांनाही विनोद कळतो!) त्यांचा तर्क असा, की जाडसर पिठाची रोटी नीट चावावी लागते, तोंडात भरपूर लाळ सुटते आणि ती पोटाचं रक्षण करते. मऊ भात मात्र न चावताच गिळला जातो. कोकणातले भातवाले आणि घाटावरचे भाकरीवाले यांच्यातल्या जुन्या भांडणाला हा नवा मुद्दा!

पण खरा गुन्हेगार वेगळाच निघाला, आणि तो सापडला दूर ऑस्ट्रेलियात. पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना सुजलेल्या जठराच्या तुकड्यांमध्ये वळणदार जंतू दिसत होते. कुणाचा विश्वास बसेना. इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा? बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना सामील झाला. जंतू प्लेटवर काही केल्या वाढत नव्हते. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये पडून राहिल्या आणि जंतू उगवले! लोक तरीही ऐकेनात. तेव्हा 1984 मध्ये मार्शलने जंतूंचं कल्चर स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास. एन्डोस्कोपीत जठराला सूज. त्याला अल्सर झाला नाही, गॅस्ट्रायटिस झाला. पण निरोगी जठराला हा जंतू सुजवू शकतो, एवढं त्याने स्वतःवर दाखवून दिलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्याच्या ढगात लपून ॲसिडपासून वाचतो. सहसा लहानपणीच, घरातल्या घरात तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो. घाबरू नका, त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. अल्सर होतो तो थोड्यांनाच. त्याहूनही कमी लोकांत वर्षानुवर्षांची सूज जठराच्या कॅन्सरपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1994 मध्येच या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं आहे. आणि मल्होत्रांचं कोडं? ते पुरतं सुटलेलं नाही. जंतू उत्तरेतही आहे आणि दक्षिणेतही. मग अल्सर इकडे जास्त आणि तिकडे कमी का? म्हणजे आहाराचा काहीतरी हात असणार, असं मानणारे आजही आहेत.

मिसळीने अल्सर होत नाही. आधीच असलेल्या जखमेवर ती झोंबते, एवढंच. टेन्शन मात्र अगदीच निर्दोष नाही. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे पेशंट वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. मोठं भाजणं, डोक्याला मार अशा आयसीयूतल्या पेशंटलाही अल्सर होतात. बॉसच्या ई-मेलने थेट भोक पडत नाही. पण ई-मेल वाचून आपण सिगारेट वाढवतो, जेवण टाळतो, डोकं दुखलं म्हणून गोळी घेतो. आणि सिगारेटमुळे अल्सर भरायला जास्त वेळ लागतो.

पर्समधली गोळी

आता त्या प्रोस्टाग्लँडिन्सकडे वळू. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही औषधं दुखणं थांबवतात ती याच रसायनांचं उत्पादन बंद करून. गुडघ्यातलं बंद होतं तसं जठरातलंही! पहारेकरीच रजेवर गेले की ॲसिडला रान मोकळं. ‘मग इंजेक्शन घेतो, पोटाला त्रास नको’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी वाईट बातमी. औषध रक्तातून सगळीकडे जातं, त्यामुळे इंजेक्शनही तेवढंच दोषी.

उपनगरी आयुष्याचं गणितच असं आहे, की डबा पकडायच्या नादात डबा राहून जातो. उपाशीपोटी दोन कटिंग, अंधेरीला ब्रिजवर धक्के, दिवसभर खुर्चीत बसून धरलेली कंबर, मग केमिस्टकडून दोन गोळ्या. रात्री अकराला खाऊ गल्लीतला चीज डोसा आणि वीकेंडला दोन पेग. यातली एकेक गोष्ट शरीर सोसून नेतं. पण रोजची पेनकिलर आणि पोटातला जंतू एकत्र आले, की अल्सरचा धोका नुसता वाढत नाही, अनेक पटींनी वाढतो. दादाकडे दोन्ही होतं. त्यातलं एक त्याला ठाऊकच नव्हतं आणि दुसऱ्याला तो औषध समजत होता.

साध्या दुखण्याला, तापाला योग्य प्रमाणातली पॅरासिटामॉल पोटासाठी बरीच सुरक्षित. पावसाळ्यात तर हे पक्कं लक्षात ठेवा. ताप डेंग्यूचा असू शकतो, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन-ॲस्पिरिनने रक्तस्रावाची भीती वाढते. मात्र हार्टसाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. आधी त्यांच्याशीच बोला.

सिस्टर काय बघते?

कॅज्युअल्टीत दादाला आडवं केलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं. तोंडाने काहीही नाही! शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या होत्या. ते सिस्टरने गोड बोलून परत पाठवलं. ‘‘वॉर्डातलं सगळ्यांत कठीण काम कुठलं म्हणाल, तर नातेवाइकांना थांबवणं,’’ ती हसत म्हणते.

पुढचे काही तास म्हणजे तिच्या पुस्तकाचं प्रॅक्टिकलच. नर्स दर थोड्या वेळाने नाडी आणि बीपी का बघते? कारण तरुण माणसात रक्त जात असलं तरी बीपी बराच वेळ टिकून राहतं. आधी वाढते ती नाडी. बीपी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. हातपाय गार, चेहरा पांढरा, पेशंट अस्वस्थ किंवा अचानक शांत, लघवी कमी, हे सगळं तिने टिपायचं. उलटी झाली तर ओतून टाकण्याआधी बघायची. कॉफीच्या चोथ्यासारखी दिसली तर ते ॲसिडने काळं पडलेलं रक्त. ताजं लाल असेल तर आणखी घाई.

आणि तो नाश्त्याच्या टेबलावरचा प्रश्न! रक्त आतड्यातून पुढे जाताना पचतं आणि काळं, चिकट, वेगळ्याच उग्र वासाचं होऊन बाहेर पडतं. याला मेलीना म्हणतात. साधारण 50 ते 100 मिली रक्तसुद्धा त्याला पुरतं. म्हणजे चहाचा कपभरही नाही. पण इथे एक गोम आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते. ती डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. म्हणून ‘लोहाची गोळी चालू आहे का?’ हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे किती बायका या गोळ्या घेतात ते बघता, हा प्रश्न राहून गेला तर उगीच घबराट. आणि उलट, काळ्या रंगाचं खापर नेहमी गोळीवर फोडलं तर घात.

‘‘हे विचारायला लाज नाही वाटत?’’ मी विचारलं.

‘‘पहिल्या वर्षी वाटायची. पण मी नाही विचारलं तर पेशंट स्वतःहून सांगत नाही. दोन-दोन दिवस नाही सांगत,’’ ती म्हणाली आणि दादाकडे बघितलं. दादा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

दुर्बीण आणि टायमिंग

त्याच दिवशी एन्डोस्कोपी झाली. ड्युओडेनममध्ये जवळपास एक सेंटिमीटरचा अल्सर आणि त्याच्या तळाशी रक्तवाहिनी. दुर्बिणीतूनच त्यावर इवलीशी क्लिप बसवली. हिमोग्लोबिन नऊच्या खाली उतरलं होतं, पण रक्त चढवावं लागलं नाही. जठराचा कणभर तुकडा काढून तपासणीच्या पिवळ्या जेलमध्ये टाकला आणि जेल गुलाबी झालं. पायलोरी हजर!

जंतूवरचा कोर्स चौदा दिवसांचा. ॲसिड कमी करणारी गोळी, बिस्मथ आणि दोन अँटिबायोटिक्स. तोंड कडू होतं, बिस्मथने जीभ आणि शी काळी होते (पुन्हा तोच रंग, पण या वेळी घाबरायचं नाही), मळमळतं. पाचव्या दिवशी दादाने ‘आता बरं वाटतंय, बास झालं’ हे सुरू केलं. आपल्याकडे कुणीही, कधीही अँटिबायोटिक्स घेतल्यामुळे त्यातल्या काहींना हा जंतू आता दाद देत नाही. अर्धवट कोर्स म्हणजे उरलेल्या जंतूंना फुकटचं ट्रेनिंग. सिस्टरने गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि रोज टिक मारायला लावली.

पँटोप्राझोल-ओमेप्राझोल जातीच्या गोळीचीही एक गंमत आहे. जेवून झाल्यावर जळजळ झाली की ती तोंडात टाकायची, अशी आपली पद्धत. चुकीची! जठरातले ॲसिडचे पंप जेवणाच्या वेळी सुरू होतात आणि गोळी चालू पंपच बंद करते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. नाइट शिफ्टवाल्यांनी घड्याळातली ‘सकाळ’ विसरावी आणि आपल्या पहिल्या जेवणाआधीची वेळ धरावी. दादासाठी ती संध्याकाळची सहा आहे. आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने ही गोळी खात राहणं हाही शहाणपणा नव्हे. बी 12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शिवाय जुनं दुखणं झाकलं जातं, ते वेगळंच. वजन घटतंय, गिळताना अडकतंय, सतत उलट्या होतायत, रक्त कमी झालंय, घरात कुणाला जठराचा कॅन्सर होता किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर गोळीआधी डॉक्टर.

घरात एकेकाळी ठरलेली रॅनिटिडीनही आता जुनी झाली. कॅन्सरची शंका असलेल्या अशुद्धीमुळे अमेरिकेने 2020 मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती 2022 मध्ये वगळली गेली. आईच्या डब्यात मात्र दोन स्ट्रिप सापडल्या. एक तर एक्स्पायर झालेली!

दादाच्या कंबरेसाठी आता फिजिओथेरपी चालू आहे. पेनकिलर बंद, सिगारेट ‘जवळपास’ बंद. जंतू खरंच गेलाय का, हे अजून कळायचंय. अँटिबायोटिक्स संपून किमान चार आठवडे आणि ॲसिडची गोळी थांबवून दोन आठवडे झाल्यावरच श्वासाची तपासणी करतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येऊ शकतो. ती तारीख फ्रिजवरच्या त्याच कागदावर खाली लाल पेनाने लिहिलीय. बाजूला आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘दोघांचेही डबे सात वाजता’.